फ्रँकेन्स्टाइनच्या सहवासात इंग्रजी शब्द शिकताना

लातूर, नांदेड, परभणी किंवा आमच्या अंबाजोगाईतील कोणत्याही अभ्यासिकेत सकाळी डोकावले, तर बँकेच्या किंवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींसमोर इंग्रजी शब्दांची एक यादी हमखास दिसते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ, आणि पाठ झालेल्या शब्दांपुढे पेनाने केलेली बरोबरची खूण. मी अशा मुलांना गेली अनेक वर्षे इंग्रजी शिकवते आहे आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. यादीमुळे परीक्षेत काही गुण मिळतात, हेही खरे आहे. तरीही अवघड, साहित्यिक इंग्रजी शब्द खऱ्या अर्थाने आपलेसे करायचे असतील, तर एखादी जुनी, मातब्बर कादंबरी सावकाश वाचण्याला पर्याय नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. आणि त्यासाठी मी मुलांच्या हाती मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी देते.

यादीची अडचण एका उदाहरणाने सांगते. ‘इमेशिएटेड’ या शब्दापुढे बहुतेक याद्यांमध्ये ‘बारीक, कृश’ असे लिहिलेले असते. एका हुशार विद्यार्थ्याने त्यावरून निबंधात आपल्या बारीक वहीला ‘इमेशिएटेड’ हे विशेषण लावले. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते, कारण यादीने त्याला एवढेच सांगितले होते. हा शब्द जिवंत देहालाच लागतो, त्याच्यामागे उपासमार, आजार किंवा दीर्घकाळ सोसलेले हाल असतात, आणि तो उच्चारणाऱ्याच्या मनात कणव किंवा भीती असते, हे सगळे ‘बारीक’ या एका शब्दात मावत नाही.

आता हाच शब्द कादंबरीत कसा भेटतो ते पाहा. कादंबरीची सुरुवात रॉबर्ट वॉल्टन या तरुण दर्यावर्द्याने आपल्या बहिणीला लिहिलेल्या पत्रांनी होते. उत्तर ध्रुवाकडे निघालेले त्याचे जहाज बर्फात अडकते आणि बर्फाच्या एका तुकड्यावरून वाहत आलेला एक अनोळखी माणूस जहाजाजवळ येतो. चौथ्या पत्रात वॉल्टन लिहितो की, त्या माणसाचे हातपाय जवळजवळ गोठले होते आणि थकव्याने व यातनांनी त्याचे शरीर भयंकर ‘इमेशिएटेड’ झाले होते. हे वाक्य वर्गात मोठ्याने वाचून झाल्यावर औसा तालुक्यातल्या एका मुलाने लगेच सांगितले, “मॅडम, म्हणजे खंगलेला. छावणीतली जनावरं असायची तसा.” दुष्काळात चारा छावणी पाहिलेल्या मुलाला यापेक्षा अधिक समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

त्याच परिच्छेदात आणखी दोन शब्द आहेत. एक ‘कपिट्युलेट’. याचा अर्थ यादीत ‘शरण जाणे’ असा मिळतो. मात्र बर्फावर मरणाच्या दारात असलेला हा माणूस जहाजावर चढण्याआधी विचारतो, तुमचे जहाज कोणत्या दिशेला चालले आहे? उत्तरेकडे, असे उत्तर मिळाल्यावरच तो वर यायला राजी होतो. शरण जातानाही अटी घालणे, बोलणी करून मगच हत्यार खाली ठेवणे ही त्या शब्दातली छटा वॉल्टनने किती नेमकी पकडली आहे, हे प्रसंग समोर असल्यामुळे मुलांना आपोआप कळते. दुसरा शब्द ‘रेचेड’, म्हणजे दीनवाणा. इतक्या ‘रेचेड’ अवस्थेतला माणूस मी कधी पाहिला नव्हता, असे वॉल्टन म्हणतो.

या दुसऱ्या शब्दापाशी मी नेहमी थोडी अधिक थांबते, कारण ‘रेच’ आणि ‘रेचेड’ ही जोडी शेवटच्या प्रकरणापर्यंत वाचकाची साथ सोडत नाही. पहिल्या भेटीत हा शब्द बर्फावरून आलेल्या त्या माणसासाठी, म्हणजे शास्त्रज्ञ व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनसाठी येतो आणि त्यात निव्वळ करुणा असते. पुढे व्हिक्टर स्वतःची कहाणी सांगू लागतो, नोव्हेंबरातील त्या उदास रात्री निर्जीव देहात प्राण फुंकल्याचे वर्णन करतो, आणि आपणच घडवलेल्या त्या जीवाला तो ‘रेच’ म्हणतो, तेव्हा त्यात घृणा भरलेली असते. अगदी शेवटी तो जीव व्हिक्टरच्या मृतदेहाशेजारी उभा राहून स्वतःलाच ‘रेच’ म्हणवतो. मी निष्पाप, दुबळ्या जीवांची हत्या केली आहे, अशी कबुली देतो. त्या ठिकाणी करुणा आणि घृणा एकाच शब्दात एकत्र आलेली असते. मराठीत आपण एकाला ‘बापुडा’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘नीच’ म्हणू. इंग्रजीतला हा एक शब्द दोन्ही टोके सांभाळतो. इतक्या वेगवेगळ्या तोंडून, इतक्या वेगवेगळ्या मनःस्थितीत तो ऐकल्यावर वाचकाला त्याचे वजन कळते. असे वजन कळले की मग तो शब्द कुठे वापरावा आणि कुठे वापरू नये, हे शिक्षकाने सांगावे लागत नाही.

भयकादंबऱ्या तर पुष्कळ आहेत, मग हीच का, असे मला सहकारी विचारतात. होरेस वॉलपोल यांची १७६४ साली आलेली ‘कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही या परंपरेतली आद्य कादंबरी मानली जाते, पण तिच्यातले संवाद एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे नवख्या वाचकाची तारांबळ उडते. ब्रॅम स्टोकर यांची १८९७ ची ‘ड्रॅक्युला’ कथा म्हणून फार पकड घेणारी आहे, आणि आनंदासाठी ती जरूर वाचावी. परंतु तिच्यातले प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग मोडके इंग्रजी बोलतात आणि व्हिटबी गावचे म्हातारे खलाशी यॉर्कशायरच्या बोलीत बोलतात. एमिली ब्राँटे यांच्या ‘वुदरिंग हाइट्स’मधील जोसेफ या नोकराची बोली तर इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही अडवते. ज्याला प्रमाण इंग्रजीचा कस अजून कळायचा आहे, त्याला यातले कोणते वाक्य अनुकरणीय आणि कोणते नाही हे कसे कळणार? ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये ही अडचण येत नाही. दर्यावर्दी, शास्त्रज्ञ, अंध म्हातारा आणि तो निनावी जीव, सगळे एकाच घडीव, भारदस्त इंग्रजीत बोलतात. कादंबरीचा दोष म्हणून काही समीक्षक हे सांगतील. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ती मोठी सोय आहे.

लेखिकेची हकीकतही मी मुलांना आवर्जून सांगते. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि त्याची राख वातावरणात पसरल्यामुळे १८१६ साली युरोपात उन्हाळा असा झालाच नाही. त्या पावसाळी, थंड दिवसांत जिनिव्हाच्या सरोवराकाठी जमलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायचे ठरवले आणि त्यातून ही कादंबरी जन्मली. मेरी तेव्हा अवघ्या १८ वर्षांच्या होत्या. १ जानेवारी १८१८ रोजी पुस्तक तीन भागांत प्रसिद्ध झाले, तेव्हा ५०० प्रती छापल्या होत्या आणि मुखपृष्ठावर लेखिकेचे नावही नव्हते. या बाईंना नियमित शालेय शिक्षण जवळजवळ मिळालेले नव्हते. आई त्यांच्या जन्मानंतर काही दिवसांतच वारली. त्या वाढल्या वडिलांच्या ग्रंथसंग्रहात आणि घरी येणाऱ्या विद्वानांची बोलणी ऐकत. आपण काय वाचले याच्या याद्या त्या रोजनिशीत ठेवत. शब्दांच्या याद्या करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींना पुस्तकांच्या याद्या करणारी ही मुलगी फार जवळची वाटते.

परंतु शब्द शिकण्यासाठी ही कादंबरी निवडण्याचे माझे सर्वांत मोठे कारण वेगळे आहे. या कादंबरीच्या ऐन मध्यभागी भाषा शिकण्याचीच कथा आहे. निर्मात्याने टाकून दिलेला तो जीव रानात भटकतो आणि एका शेतघराला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो. भिंतीतल्या फटीतून त्याला आतले कुटुंब दिसते: म्हातारे, अंध डी लेसी, त्यांचा मुलगा फेलिक्स आणि मुलगी अगाथा. ही माणसे तोंडाने काही आवाज काढतात आणि त्या आवाजांनी समोरच्याच्या चेहऱ्यावर हसू किंवा दुःख उमटते, हे त्याच्या लक्षात येते. या विद्येला तो ईश्वरी विद्या म्हणतो आणि ती आपल्याला यावी अशी तळमळ त्याला लागते.

त्याचा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. सुरुवातीला त्याला काहीच उमगत नाही, कारण ते लोक भराभर बोलतात आणि त्यांचे शब्द समोरच्या वस्तूंशी उघडपणे जोडलेले नसतात. चंद्राची अनेक आवर्तने होईपर्यंत तो चिकाटीने ऐकत राहतो. मग पहिल्यांदा हाती लागतात ते शब्द आहेत विस्तव, दूध, भाकर आणि लाकूड. त्यानंतर माणसांची नावे. तरुणाला आणि तरुणीला प्रत्येकी एकाहून अधिक नावे आहेत, पण म्हाताऱ्याला एकच नाव आहे, ‘बाबा’, हे तो टिपतो. म्हणजे नाते बदलले की संबोधन बदलते, हा भाषेतला मोठा नियम त्याला कोणीही न शिकवता कळला. आणि मग तो सांगतो की आणखी काही शब्द मला ओळखू येत होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता आणि ते वापरताही येत नव्हते: ‘गुड’, ‘डिअरेस्ट’, ‘अनहॅपी’. चांगले, परमप्रिय, दुःखी. हे वाचताना वर्गातले वातावरण बदलते, असा माझा अनुभव आहे. शब्द कानाला ओळखीचा होणे, त्याचा अर्थ लागणे आणि तो आपल्याला वापरता येणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे भाषाशिक्षणावरच्या पुस्तकांत मी पुष्कळ वाचले होते. मेरी शेली यांनी ते दोन वाक्यांत सांगून टाकले आहे. दूध आणि भाकर बोटाने दाखवता येतात. ‘दुःखी’ हा शब्द कळायला दुसऱ्याच्या घरात बराच काळ डोळे लावून बसावे लागते.

पुढे त्या घरात सफी नावाची परदेशी तरुणी येते. तिला तिथली भाषा येत नाही, म्हणून फेलिक्स तिला शिकवू लागतो आणि भिंतीपलीकडचा जीव त्याच तासिकांचा चोरून लाभ घेतो. दोन महिन्यांत घरातले बहुतेक बोलणे आपल्याला समजू लागले आणि आपली प्रगती सफीपेक्षा वेगाने झाली, असे तो अभिमानाने नमूद करतो. फेलिक्स शिकवण्यासाठी सोपे बालवाचन घेत नाही, तर साम्राज्यांच्या उदयास्तावरचा व्होल्नी यांचा भारदस्त ग्रंथ घेतो आणि प्रत्येक गोष्ट बारीकसारीक तपशिलांसह समजावून सांगतो. नंतर त्या जीवाला रानात एक कातडी पेटी सापडते आणि तिच्यात तीन पुस्तके निघतात: मिल्टन यांचे ‘पॅरडाइज लॉस्ट’, प्लुटार्क यांच्या चरित्रांचा एक भाग आणि ग्योथे यांची वेर्थरची कथा. एक महाकाव्य, एक इतिहास, एक भावकथा. कोणत्याही पदवी अभ्यासक्रमाला शोभेल अशी ही निवड आहे.

हे सगळे वाचताना मला माझ्या आजीची आठवण होते. गंगाखेडच्या बाजूच्या एका लहान गावात तिचे आयुष्य गेले आणि शाळेचे तोंड तिने जेमतेम पाहिले होते. तरी तिच्या बोलण्यात ‘अवधान’, ‘विषाद’, ‘साक्षेप’ असे शब्द सहज येत. सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण दरवर्षी व्हायचे, गावातल्या बायका ओळीने बसायच्या आणि सांगणारे महाराज एकेक ओवी उलगडून दाखवायचे. ‘तरी अवधान एकलें दीजे’ ही नवव्या अध्यायाची सुरुवात तिने इतक्या वेळा ऐकली होती की, आम्ही मुले जेवताना इकडे-तिकडे पाहू लागलो की ती म्हणायची, “पोरांनो, ताटाकडं अवधान द्या.” जुना, अवघड ग्रंथ मोठ्याने वाचायचा, चौघांत बसून वाचायचा, कळलेले आणि न कळलेले दोन्ही ऐकत राहायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच यायचे, ही पद्धत गोदाकाठच्या आमच्या मुलखात शतकानुशतके चालत आली आहे. इंग्रजीसाठी मी तीच वापरते, इतकेच.

प्रत्यक्ष वाचनाबद्दल थोडे सांगते. आम्ही एका वेळी एकच प्रकरण घेतो. पहिल्या वाचनात शब्दकोश मिटलेला असतो. अडलेल्या शब्दाखाली फक्त पेन्सिलची रेघ मारायची आणि कथा पुढे जाऊ द्यायची. दुसऱ्या वाचनाच्या वेळी रेघ मारलेल्या शब्दांपैकी निम्म्या शब्दांचा अंदाज मुलांना संदर्भावरून आलेला असतो. उरलेल्यांसाठी शब्दकोश उघडतो. वहीत सुटा शब्द लिहायचा नाही, पूर्ण वाक्य उतरवायचे आणि ते वाक्य कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणाले हे शेजारी नोंदवायचे, हा नियम मी कटाक्षाने पाळायला लावते. ‘काउंटेनन्स’ हा शब्द या कादंबरीत पानोपानी भेटतो. वहीत त्याची पाच-सहा वाक्ये एकाखाली एक आली की, हा नुसता चेहरा नसून चेहऱ्यावर उमटलेला भाव आहे, आपल्या ‘मुद्रा’ या शब्दाच्या जवळचा, हे मुले स्वतःच सांगू लागतात.

मराठी माध्यमाच्या मुलांना या कामात एक बळ लाभलेले असते आणि त्याची त्यांना कल्पना नसते. उपसर्ग, प्रत्यय, संधी, समास हे सगळे त्यांनी शाळेत केलेले असते. ‘बेनेव्हलंट’मधला ‘बेने’ म्हणजे ‘सु’, ‘मलेव्हलंट’मधला ‘मले’ म्हणजे ‘दुर्’, आणि उरलेला भाग इच्छेचा, एवढे फोडून दाखवले की ‘सदिच्छा’ आणि ‘दुरिच्छा’ त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. तो जीव व्हिक्टरला म्हणतो की, मी मुळात ‘बेनेव्हलंट’ होतो, दुःखाने मला राक्षस बनवले. कादंबरीचा सगळा वाद या दोन उपसर्गांच्या मधल्या अंतरात आहे.

शब्दकोशांपैकी मला मेजर कँडी यांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश या कामासाठी विशेष आवडतो, कारण त्यातले इंग्रजी याच कादंबरीच्या काळातले आहे. योगायोग असा की, मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ची सुधारलेली आवृत्ती, दोन्ही १८३१ साली प्रसिद्ध झाली. आज शब्दाचा नेमका वापर पाहण्यासाठी आधुनिक कोश सोबत हवाच. पण जुना कोश चाळताना आपल्याच भाषेतले विसरलेले शब्दही हाती लागतात, हा लाभ काही कमी नाही.

काही शब्द मात्र भाषांतराने कधीच पुरे होत नाहीत. आल्प्स पर्वताच्या वर्णनात ‘सब्लाइम’ हा शब्द वारंवार येतो आणि कोशात त्याला ‘उदात्त’ असे मिळते. त्या काळच्या लेखकांच्या मनात या शब्दात भव्यतेबरोबर भीतीही मिसळलेली असे. एडमंड बर्क यांनी १७५७ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला होता. मुलांनी आल्प्स पाहिलेला नसतो, पण शाळेच्या सहलीत देवगिरीचा किल्ला बहुतेकांनी पाहिलेला असतो. खंदकाच्या काठावर उभे राहून तासून उभा केलेला तो कडा वर पाहताना पोटात जो गोळा येतो आणि तरीही नजर हटत नाही, ती अवस्था आठवा, असे मी सांगते. मग मोंट ब्लांकच्या पायथ्याशी, हिमनदीवर, व्हिक्टरला तो जीव समोरून येताना दिसतो त्या प्रसंगातला दरारा त्यांना जाणवतो.

एक सावधगिरी मी न चुकता सुचवते. या कादंबरीतला प्रत्येक शब्द आज लिहिण्या-बोलण्यात वापरण्याजोगा नाही. ‘इमेशिएटेड’, ‘बेनेव्हलंट’, ‘एन्डेव्हर’, ‘रिमोर्स’, ‘डिस्पेअर’ हे शब्द आजच्या वर्तमानपत्रांतही भेटतात आणि ते निःशंक वापरावेत. ‘काउंटेनन्स’, ‘फीन्ड’, ‘हिदर’, ‘व्हिदर’ हे ओळखता आले म्हणजे झाले. नोकरीच्या अर्जात ते आले तर वाचणारा गोंधळेल. वहीत या दोन गटांसाठी आम्ही वेगळी पाने ठेवतो आणि एखादा शब्द कोणत्या गटात घालावा यावर मुलांमध्ये चांगली खडाजंगी होते. ती मी थांबवत नाही.

ज्यांना स्वतः सुरुवात करायची आहे, त्यांनी १८३१ ची आवृत्ती घ्यावी. बाजारातल्या बहुतेक प्रती तिच्याच असतात, आणि हक्क केव्हाच संपलेले असल्यामुळे इंटरनेटवरही ती फुकट मिळते. वॉल्टनच्या पत्रांनी दमछाक होत असेल, तर ११ ते १६ ही सहा प्रकरणे आधी वाचावीत. ती त्या जीवाची स्वतःच्या तोंडची कहाणी आहे आणि स्वतंत्र गोष्ट म्हणूनही वाचता येते. १५ व्या प्रकरणात तो घरात एकट्या असलेल्या अंध डी लेसींसमोर जाऊन बसतो आणि शिकलेल्या भाषेत प्रथमच कोणाशी बोलतो. डी लेसींना त्याचा देह दिसत नाही. ते त्याच्या बोलण्यावरून एवढेच म्हणतात की, तुमच्या भाषेवरून तुम्ही माझेच देशबांधव वाटता, तुम्ही फ्रेंच आहात का? हा संवाद मोठ्याने वाचावा, दोघांनी मिळून वाचावा, आणि शब्दकोश त्यानंतरच उघडावा.